कैरी नव्हे हो, कियारी!

"कसली कैरी?" मावशीने फोनवर तीनदा विचारलं होतं.

"कैरी नव्हे गं मावशी, कियारी. कियारी मालफॉर्मेशन."

"म्हणजे डोक्यात गाठ का रे?"

"गाठ नाही."

"मग ऑपरेशन कशाला?"

ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्यानंतर ओळखीतून-ओळखीतून तीन घरांतून मला फोन आले. प्रत्येकाच्या घरात कुणाला तरी हाच आजार निघाला होता आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "तुम्ही कुठलं ऑपरेशन केलंत? चांगलं कुठलं?" तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नोकरीची तीस वर्षं पंप आणि पाइपलाइनी बघण्यात गेली. तेव्हा पुढे जे आहे ते एका भावाने चार महिने घाबरत घाबरत केलेला अभ्यास, आणि त्यातून झालेलं माझं मत. पटलं तर घ्या.

धाकटी नाशिकला शाळेत शिकवते. दोनेक वर्षं तिची तक्रार होती की खोकलं, शिंकलं किंवा जोरात हसलं की मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला एकदम कळ येते. थोडा वेळ राहते आणि जाते. "स्पॉन्डिलायटिस" असं निदान झालं, उशी बदलली, पट्टा लागला. आम्हीही "वह्या तपासून मान अवघडली असेल" म्हणून सोडून दिलं. माझाही त्यात वाटा आहे, मीच तिला पातळ उशी नेऊन दिली होती.

मग एके दिवशी तिने गॅसवरचं पातेलं सांडशी न घेता डाव्या हाताने उचललं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. भाची किंचाळली म्हणून तिचं हाताकडे लक्ष गेलं. बोटांना फोड आले होते, आणि तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. स्पर्श कळत होता, पातेलं हातात आहे हे कळत होतं. गरम आहे हे कळत नव्हतं.

त्या दिवसापासून मानेचा पट्टा सुटला आणि खरी तपासणी सुरू झाली. एमआरआयमध्ये दिसलं ते असं. कवटीच्या तळाशी एक मोठं भोक असतं, त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. लहान मेंदूची खालची दोन टोकं, त्यांनाही टॉन्सिलच म्हणतात (घशातले नव्हेत), ती ह्या भोकाच्या वरच राहायला हवीत. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली उतरली की कियारीचा पहिला प्रकार म्हणतात. धाकटीची ११ मिलिमीटर खाली होती. शिवाय मानेपासून पाठीपर्यंत मज्जारज्जूच्या आत पाण्याची एक लांबट पोकळी झाली होती. तिला सिरिंक्स म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ बोरूचा पावा. नाव गोड आहे, काम वाईट. गरम-थंड आणि वेदना कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या बरोबर मधून बाजू बदलतात. पोकळी मधेच फुगते, म्हणून पहिला मार त्यांनाच बसतो. स्पर्शाची वाट वेगळी असल्याने ती वाचते. पातेल्याचं कोडं असं सुटलं.

हे पहिल्यांदा नीट वर्णन करणारे हान्स कियारी हे ऑस्ट्रियन डॉक्टर प्रागमध्ये शवविच्छेदनं करत असत. १८९१ साली त्यांनी ह्या पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणून दिलेली मुलगी सतरा वर्षांची होती आणि ती गेली होती टायफॉइडने. हे वाचून मला जरा धीर आला होता. टॉन्सिल उतरलेले असणं आणि त्याने आजारी असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासूनच दिसत होतं. आज कुठल्याही कारणाने एमआरआय काढला आणि सहज म्हणून कियारी दिसली, त्रास काहीच नाही, असे कितीतरी लोक असतात. त्यांना ऑपरेशन लागत नाही. रिपोर्टवरचा शब्द वाचून घाबरलेल्या एका फोनवाल्या काकांना मी एवढंच सांगितलं की आधी चांगल्या न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घ्या.

आता पाण्याकडे येऊ, कारण माझी अक्कल तिथेच थोडीफार चालते. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे दीडशे मिलिलिटर पाणी खेळत असतं, रोज सुमारे अर्धा लिटर नवीन तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हे पाणी कवटीतून मानेकडे आणि परत असं हलतं. वाटेत टॉन्सिलचं बूच बसलं तर? अमेरिकेत एडवर्ड ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडलं की हे बूच पिस्टनसारखं काम करतं. दर ठोक्याला खाली आपटतं, खालच्या पाण्यावर दाब येतो आणि पाणी मज्जारज्जूत घुसत राहतं. खोकल्यावर कळ का येते तेही त्यातच आलं. पंपवाल्याला हे लगेच पटलं हे सांगायला नको. पण लगेच पटणाऱ्या गोष्टींपासूनच सावध राहावं लागतं, हे पुढे कळलं.

आम्ही तीन सर्जनांना भेटलो, आणि तिघांनी तीन ऑपरेशनं सांगितली!

पहिल्यांनी सांगितलं, फक्त हाड काढायचं. डोक्याच्या मागे, भोकाच्या कडेचं थोडं हाड आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान. जागा मोठी झाली की बूच सैल होतं. मेंदूचं जाड आवरण, म्हणजे ड्यूरा, उघडायचंच नाही. ऑपरेशन लहान, घरी लवकर.

दुसऱ्यांनी सांगितलं, हाड काढायचंच, पण ड्यूराही उघडायचा आणि त्यात ठिगळ शिवून तो मोठा करायचा. ठिगळ रुग्णाच्याच कवटीवरच्या पातळ पडद्याचं असतं किंवा तयार मिळतं. काही सर्जन त्याच वेळी टॉन्सिलची टोकं विजेच्या चिमट्याने आकसवतात. सिरिंक्स मोठी आहे, तेव्हा अर्धवट काम नको, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्यांनी सांगितलं, हाड काढायचंच नाही. पहिला आणि दुसरा मणका स्क्रूंनी एकमेकांना पक्के जोडायचे. हे ऐकून आम्ही तिघंही (धाकटी, मेहुणे आणि मी) एकमेकांकडे बघत राहिलो. एक म्हणतो वरचं हाड काढा, एक म्हणतो खालचे मणके जोडा. पाइप तुंबलाय म्हणून एकाने पाइप रुंद करायला सांगावं आणि दुसऱ्याने पाया पक्का करायला, तसंच झालं हे.

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की हे तिसरं मत मुंबईचंच आहे. केईएममध्ये अनेक वर्षं न्यूरोसर्जरी केलेल्या डॉ. अतुल गोयल यांचं. पहिल्या-दुसऱ्या मणक्याला स्क्रू बसवण्याची त्यांची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध झाली, पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात बदल केले, आणि आज जगभर ती गोयल-हार्म्स म्हणून ओळखली जाते. मानेच्या ह्या टोकाच्या शस्त्रक्रियेत परळच्या एका सरकारी (खरं तर महापालिकेच्या) रुग्णालयाचं नाव असं कोरलं गेलंय, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं.

२०१५ साली गोयल यांनी ६५ रुग्णांचा अनुभव मांडून असा दावा केला की कियारीचं मूळ पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्याच्या ढिलेपणात आहे. तो ढिलेपणा एक्स-रेवर दिसलाच पाहिजे असंही नाही. टॉन्सिल खाली येणं हा दोष नसून निसर्गाने दिलेली एअरबॅग आहे, मज्जारज्जूला हाडाचा मार बसू नये म्हणून. मग एअरबॅगसाठी जागा करून देण्यात काय अर्थ? अपघात थांबवा, म्हणजे सांधा पक्का करा. विचार म्हणून हा मला फार आवडला. ज्याला सगळे रोग म्हणतात त्याला शरीराचा बचाव म्हणायचं, ह्याला धाडस लागतं. पण जगातल्या बहुतेक न्यूरोसर्जनांनी हे सरसकट स्वीकारलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ढिलेपणा दाखवता येत असेल किंवा मानेच्या सांध्याची हाडंच जन्मतः वेडीवाकडी असतील तर जरूर जोडा. इतरांचं हाड काढूनच वर्षानुवर्षं भागतंय.

आता पहिल्या दोघांची तुलना. ह्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठलं ऑपरेशन हे ठरवलेल्या मोठ्या चाचण्या फार थोड्या. मुलांवरच्या सात अभ्यासांचा एकत्र हिशोब २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं हाड काढलेल्यांपैकी १२.६ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, ठिगळवाल्यांपैकी २.१ टक्क्यांना. म्हणजे ठिगळ जिंकलं? थांबा. मेंदूच्या पाण्याशी संबंधित गुंतागुंत, गळती वगैरे, ठिगळवाल्यांत १८.५ टक्के आणि नुसत्या हाडवाल्यांत १.८ टक्के. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं!

त्यातही एक गोम आहे. कुणाला कुठलं ऑपरेशन हे सर्जनने ठरवलेलं असतं. सौम्य रुग्ण बघून लहान ऑपरेशन केलं असेल तर त्याचे आकडे चांगले दिसणारच. आमच्या कंपनीत नवा पंप नेहमी चांगल्या विहिरीवर बसवून दाखवायचे, तसं. २०२३ साली अमेरिकेतल्या काँग्रेस ऑफ न्यूरॉलॉजिकल सर्जन्स ह्या संघटनेने सगळं वाङ्मय चाळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही दोन्ही मार्ग ग्राह्यच धरलेत. शिवाय असंही म्हटलंय की सिरिंक्स लगेच कमी झाली नाही तर पुन्हा चाकू उचलण्याआधी सहा ते बारा महिने वाट बघा.

तेव्हा "चांगलं ऑपरेशन कुठलं" ह्या प्रश्नाला उत्तरच नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. प्रश्नच चुकीचा आहे. यशाची तुलना करत बसलं की तिन्ही बाजूंचे लोक आपापले समाधानी रुग्ण दाखवतात, आणि ते खोटंही नसतं. तुलना करायची ती फसण्याची. हे ऑपरेशन फसलं तर कसं फसेल, ते दुरुस्त होईल का, आणि यशस्वी झालं तरी काय कायमचं जाईल?

ह्या चाळणीतून तिन्ही बघा. नुसतं हाड काढणं फसलं तर सिरिंक्स तशीच राहते आणि दुसरं ऑपरेशन लागतं, पण ठिगळाचा रस्ता उघडा असतो. ठिगळ फसलं तर पाणी गळतं, जंतुसंसर्गाची भीती असते, रुग्णालयातला मुक्काम वाढतो, पण बहुतेकदा ते निस्तरता येतं. मणके जोडणं मात्र यशस्वी झालं तरी काहीतरी घेऊन जातं. मान डावी-उजवीकडे वळवण्याची साधारण निम्मी हालचाल ह्या एकाच सांध्यात होते. धाकटी रोज स्कूटरवरून शाळेत जाते. द्वारका चौकात मागे वळून न बघता स्कूटर चालवून दाखवा बरं!

म्हणून माझा क्रम असा: जे परत मिळणार नाही ते सगळ्यात शेवटी द्यायचं, आणि देण्याची गरज आहे हे कुणीतरी चित्रात दाखवल्याशिवाय द्यायचं नाही.

ह्यावर मेहुण्यांनी मला बरोबर पकडलं. ते म्हणाले, "दादा, सांधा खरंच ढिला असला आणि आपण हाड काढून बसलो तर?" बरोबर आहे. तसं असेल तर माझा क्रम उलटा होतो. ढिल्या सांध्यावर नुसतं हाड काढलं तर त्रास वाढू शकतो, आणि तिथे मणके जोडणं हाच मूळ इलाज. म्हणून आम्ही निर्णयाआधी मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे आणि सीटी करून घेतले. त्यात ढिलेपणा नव्हता, हाडांची ठेवणही सरळ होती. डोक्यात पाणी साठलेलं नाही ना, हेही बघून झालं होतं, कारण साठलेलं असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. आणि एक उलटा प्रकारही असतो. पाठीच्या कण्यातून कुठेतरी पाणी गळत असेल तर वरचा दाब कमी होऊन टॉन्सिल खाली ओढले जातात, हुबेहूब कियारी दिसते. तिथे हाड काढणं म्हणजे चुकीच्या घरात शिरणं.

(कण्याच्या तळाचा धागा कापून कियारी बरी करतो म्हणणारेही आहेत. मज्जारज्जू खाली खरोखर अडकलेला नसेल तर त्याला आधार फार कमी आहे, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.)

मग नुसतं हाड की ठिगळ? इथे मी धाकटीला माझं मत दिलं की लहानापासून सुरुवात करू. ती म्हणाली, "दादा, माझा हात रोज थोडा थोडा जातोय. मला दुसऱ्यांदा मान उघडून घ्यायची नाही. पाणी गळलं तर गळू दे, मी आठ दिवस जास्त पडून राहीन." माझ्या चाळणीत बसवलेलं हे तिचं उत्तर होतं. तिला कुठलं फसणं चालेल हे तिने ठरवलं होतं. मी गप्प बसलो. दुसरं ऑपरेशन म्हणजे जुन्या व्रणातून पुन्हा वाट काढणं, पुन्हा रजा, पुन्हा पैसे, हे मी कागदावरच्या हिशोबात धरलंच नव्हतं. ज्याची मान असते तो धरतो.

ठिगळाचं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी टाक्यांखाली फुगवटा आला, पाणी साठलं होतं. पट्टा बांधून, झोपवून ठेवून ओसरलं, आठवडा जास्त गेला. खोकल्याची कळ पहिल्या महिन्यातच गेली. दहा महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये सिरिंक्स निम्म्याहून बारीक झाली होती. पण डाव्या हाताला गरम-थंड अजूनही कळत नाही आणि बहुधा कळणार नाही. ऑपरेशन पुढची पडझड थांबवतं, झालेली सगळी परत देईलच असं नाही. हे आधी सांगणारे डॉक्टर आम्हाला मिळाले, म्हणून आज आम्ही समाधानी आहोत. तेच ऑपरेशन, तोच निकाल, पण "सगळं पूर्ववत होईल" असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही ते फसलं म्हणालो असतो.

जाता जाता एक तक्रार. ह्या तिघांपैकी एका सर्जनांना दुसऱ्याचं मत घेतलंय हे कळल्यावर राग आला. फाइल टेबलावर सरकवून ते म्हणाले, "मग त्यांच्याकडेच करा." मला अजून कळलेलं नाही की ज्या विषयात मोठमोठ्या डॉक्टरांचं एकमत नाही, तिथे एका शिक्षिकेने तीन दारं वाजवली तर त्यात अपमान कसला. स्वतःच्या मतावर विश्वास असणं वेगळं, आणि प्रश्न विचारूच नये असं वाटणं वेगळं. आम्ही शेवटी निवडलेल्या डॉक्टरांना मी विचारलं होतं की तुमच्या हातून अशी किती ऑपरेशनं झाली आणि किती जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं. त्यांनी न चिडता सांगितलं. त्यातला एक प्रसंग त्यांना आजही डाचत होता, तोही सांगितला. आमचा निर्णय खरं तर तिथेच झाला होता.

फोन करणाऱ्यांना मी आता हेच सांगतो. त्रास खरंच कियारीचाच आहे का, विचारा. मानेचा सांधा पक्का आहे का, विचारा. हे ऑपरेशन फसतं तेव्हा कसं फसतं, विचारा. तुमचे स्वतःचे आकडे काय, विचारा. आणि मग ज्याचं ऑपरेशन आहे त्याला विचारा, आणि त्याचं ऐका. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं, भावांना तर फारच.

परवा धाकटीकडे गेलो होतो. तिने ओट्यावर भिंतीला एक खिळा मारून घेतलाय आणि त्याला सांडशी टांगलीय, अगदी डोळ्यांसमोर. मावशीही आली होती. जेवताना तिने पुन्हा विचारलंच, "काय रे ते, कैरीचं ऑपरेशन?"

धाकटी इतकी हसली, इतकी हसली, आणि हसताना तिने मानेला हात लावला नाही. मी बघत होतो.

असो. फार लांबलं.